हजार डॉलरची न्याहारी

ओव्हीड मेलान्सन वॉशिंग्टनला परतल्याची बातमी मार्लिस केड्रोव्स्कीला त्याच्या कार्यालयाने दिली नाही. ती कळली एका आमंत्रणातून. ‘खासदार मेलान्सन यांच्यासोबत खास लुइझियानाची न्याहारी. गुरुवारी सकाळी आठ. प्रत्येकी एक हजार डॉलर.’ आमंत्रण अर्थातच मार्लिससाठी नव्हतं. कुणा औषध कंपनीच्या माणसाने ते वेंडेलला दाखवलं होतं आणि वेंडेलने फोनवर तिच्या नाकासमोर धरलं होतं.

वेंडेल ओक्स तिच्यासाठी निवडणूक निधी गोळा करायचा. पन्नाशीचा, टकला, सदा पोटात कळ आल्यासारखा चेहरा. सरकारी कार्यालयातून देणग्यांसाठी फोन करायला कायद्याने बंदी, म्हणून रस्ता ओलांडून पक्षाच्या इमारतीत यायचं, खुराड्याएवढ्या खोलीत बसायचं आणि ओळखीपाळखीच्या श्रीमंतांना एकामागून एक फोन लावायचे, हा इथल्या खासदारांचा रोजचा रतीब. मार्लिसही तो घालत होती. वेंडेल शेजारी बसून नंबर फिरवायचा आणि समोरच्याच्या बायकोचं नाव, कुत्र्याचं नाव, गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे कानात सांगायचा.

“हे बघा, तुमचे हरवलेले मित्र सापडले,” तो म्हणाला. “उद्या आठ वाजता प्रकट होतायत.”

मार्लिसने फोन हिसकावून घेतला. “मी जाते.”

“कुठे जाता? दुसऱ्या पक्षाचे आहेत ते.”

“तो कुठल्या पक्षाचा आहे ते मला माहीत आहे, वेंडेल.”

“हजार डॉलर आहेत.”

“मी काही खाणार नाही. दोन मिनिटं बोलून परत येईन.”

“मॅडम, दारात बसलेल्या बाईला तुम्ही खाता की उपाशी राहता याच्याशी काही देणंघेणं नसतं.”

पण मार्लिसचं ऐकणं संपलं होतं. महिनाभर ती या माणसाच्या मागावर होती, आणि तिच्याकडे आता एकच दिवस उरला होता.

प्रकरण साधं होतं. मार्लिस विस्कॉन्सिनच्या बटाट्याच्या पट्ट्यातली, सेंट हेडविग गावची. बावीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि उरलेल्या वेळात गावच्या अँब्युलन्सवर बिनपगारी काम केलं. खासदारकीला उभी राहिली तेव्हा लोक म्हणाले, हिला भाषण येत नाही. हिनेही कबूल केलं, नाही येत. तरी निवडून आली, कारण निम्म्या मतदारसंघाला तिने कधी ना कधी शाळेत तरी पोचवलं होतं किंवा दवाखान्यात तरी.

आणि चार वर्षांत तिने केलं काय? इथे मात्र बाईची बाजू लंगडी होती. तिच्या नावावर एकच कायदा होता: एका पोस्ट ऑफिसला एका दिवंगत पोस्टमास्तराचं नाव देण्याचा. तिच्या विरोधकाने यावर जाहिरात केली होती. टीव्हीवर रोज संध्याकाळी एक माणूस शिडीवर चढून पाटी ठोकायचा आणि आवाज यायचा, ‘चार वर्षं, एक पाटी.’ जाहिरात इतकी मजेदार होती की मार्लिसचा सख्खा भाऊसुद्धा हसला होता.

खरं काम अडकलं होतं ते अँब्युलन्सच्या विधेयकात. म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा अँब्युलन्सला पैसे द्यायचा तो रुग्णाला दवाखान्यात नेलं तरच. पथकाने बर्फातून जाऊन आजोबांची साखर चढवली, त्यांना खुर्चीत बसवलं, सूप पाजलं आणि परत आलं, तर छदाम मिळायचा नाही. अशाने गावोगावची पथकं बंद पडत होती. सेंट हेडविगचं पथक डिसेंबरअखेर बंद होणार होतं. त्यानंतर सर्वांत जवळची गाडी पाऊण तासावर. मार्लिसचं विधेयक एवढंच म्हणत होतं की घरी उपचार केले तरी पैसे द्या.

विधेयक समितीच्या पोटात गेलं आणि तिथेच निजलं. तिच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांना तो खर्च नको होता. मग मार्लिसने शेवटचं हत्यार काढलं. सभागृहातल्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी अर्जावर सही केली, तर समितीला बाजूला सारून विधेयक थेट मतदानाला येतं. सह्या लागत होत्या दोनशे अठरा. झाल्या होत्या दोनशे सतरा.

तिच्या पक्षातले मोजकेच धजावले होते. दुसऱ्या पक्षाच्या मात्र सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, एक मेलान्सन सोडून. हा योगायोग नव्हता. अर्ज यशस्वी झाला असता तर ऐन निवडणुकीत मार्लिसच्या पदरात यश पडलं असतं, आणि तिची जागा तर त्यांना हवी होती. म्हणून सगळ्यांनी सही करून गावाकडे छाती फुगवायची आणि एकाने बाटलीच्या बुचासारखं बसून राहायचं, असं ठरलं होतं. बुचाचं काम ओव्हीडकडे आलं, कारण त्याचा गुडघा बदलायचा होता आणि त्याला घरी राहायला सबब होती. त्याच्या कार्यालयातली मुलगी रोज गोड आवाजात सांगायची, “साहेब तुम्हाला नक्की फोन करतील.” साहेब कसले करतायत.

गुरुवारी दुपारी सभागृहाला सुट्टी लागणार होती, ती थेट निवडणुकीनंतरच संपणार होती. आणि नंतर पुढाऱ्यांनी अशा अर्जांचा नियमच बदलायचं घाटलं होतं. म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही.

“अजून एक,” वेंडेल घसा खाकरून म्हणाला. “पक्षाच्या प्रचार समितीचा फोन होता. आज रात्रीपर्यंत अर्ज मागे घेतलात तर ऑक्टोबरच्या सगळ्या जाहिराती ते देतील. नाही घेतला तरी देतील म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो मला आवडला नाही.”

“मग तू काय म्हणालास?”

“मी म्हणालो, बाईंना विचारतो. आता विचारलं. उत्तर मला चेहऱ्यावर दिसतंय. फोन लावू का पुढचा?”

सकाळी आठला मार्लिस त्या विटांच्या जुन्या घराच्या पायऱ्या चढली. सभागृहाच्या मागच्या गल्लीत अशी घरं रांगेने आहेत, आणि प्रत्येकात रोज सकाळी कुणा ना कुणा खासदाराची न्याहारी असते. आतून कांद्याचा आणि मसालेदार सॉसेजचा वास येत होता. दारात टेबल टाकून क्लॅरिस फाँटेनो बसली होती, ओव्हीडच्या निधीची कारभारीण. गळ्यात मोत्यांची माळ, पुढ्यात नावांची यादी.

“अगंबाई, केड्रोव्स्की मॅडम,” क्लॅरिस म्हणाली. “तुमचं नाव नाही दिसत माझ्याकडे.”

“नसणारच. मला फक्त ओव्हीडशी बोलायचंय.”

“सगळ्यांना त्याच्याशीच बोलायचं असतं हो. म्हणून तर मी इथे बसते.”

दारातून ओव्हीड दिसत होता. उंच, वाकलेला, हातात काठी, एका बँकवाल्याच्या विनोदावर मान हलवत होता. मग त्याची नजर दाराकडे गेली. मार्लिसला पाहताच त्याने ताटली खाली ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने लंगडत निघाला.

तो स्वयंपाकघरातून मागच्या दाराने सटकला असता तर संपलंच होतं. मार्लिसने पर्समधून स्वतःचं चेकबुक काढलं, घाईत हजार डॉलरचा आकडा घातला, सही केली आणि चेक फाडून क्लॅरिसच्या यादीवर आपटला. क्लॅरिस काही बोलायच्या आत ती आत घुसली होती. बँकवाला, साखरवाला, तेलवाले दोघे, सगळ्यांना कोपराने बाजूला सारत तिने ओव्हीडला फ्रिजपाशी गाठलं.

“पळतोस कुठे त्या गुडघ्यावर?”

“मार्लिस, किती बरं वाटलं तुला बघून,” ओव्हीड म्हणाला. त्याचा चेहरा तसं अजिबात म्हणत नव्हता. “सॉसेज घेतलंस का?”

“सॉसेज गेलं खड्ड्यात. सही का करत नाहीस?”

“तुला माहीत आहे का करत नाही ते.”

“माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

ओव्हीडने काठी फ्रिजला टेकवली. तसा तो वाईट माणूस नव्हता. कोळंबीवाल्याचा मुलगा, रात्रीच्या वर्गात वकिली शिकलेला. “मला सांगितलंय थांबायला,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुझी जागा आम्हाला हवी आहे. माझ्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.”

“केलं असतं कदाचित. पण तुझ्याकडे खाडीपलीकडच्या आजाऱ्यांना दवाखान्यात आणतात कसं, सांग मला.”

“बोटीने.”

“बोटीला पैसे कोण देतं?”

ओव्हीडने मागच्या दाराकडे नजर टाकली.

“पेशंट दवाखान्यापर्यंत नाही आणला तर कोण देतं, ओव्हीड?”

“कुणी नाही. माझा मेव्हणाच चालवतो एक. पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालतो.” तो स्वतःशीच हसला. “दर नाताळला मला शिव्या घालतो.”

“मग या नाताळला तरी त्याचं तोंड बंद कर.”

आणि मग तो जे बोलला ते ऐकायला मार्लिस महिनाभर तडफडत होती. “दहाला सभागृह भरतं ना? मी येतो. करतो सही. पक्षाला काय सांगायचं ते मी बघेन.”

मार्लिसला त्याला मिठी मारावीशी वाटली. तिने मारलीही. बटाट्याच्या पट्ट्यातली मिठी ती, ओव्हीडची काठी घसरून खाली पडली. आणि ती उचलायला दोघं वाकली तेव्हा समोर मोत्यांची माळ लोंबत होती.

“ओव्हीड,” क्लॅरिस म्हणाली. तिच्या बोटांत चेक होता. “मॅडमनी पैसे भरलेत.”

“कसले पैसे?”

“न्याहारीचे. हजार. आणि मी दारातून ऐकलं ते खरं असेल, तर तू आत्ता त्यांना सही द्यायचं कबूल केलंस.”

ओव्हीडच्या तोंडचं पाणी पळालं. तो वकील होता, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. सकाळी आठला चेक, दहाला सही, म्हणजे सरळ लाचच दिसली असती. आमदार-खासदार यापेक्षा लहान गोष्टींत आत गेले होते.

“फाडून टाक तो,” मार्लिस म्हणाली.

“चेक फाडता येतो, मॅडम,” क्लॅरिस शांतपणे म्हणाली. “तो दिलेला बघणारे चाळीस लोक कसे फाडू?”

“अगं, पण मी आत येण्यासाठी दिला. सहीसाठी नाही.”

“मला पटतं ते. पण मला पटून काय उपयोग?”

“मार्लिस, बये, तू स्वयंपाकघराच्या दाराने का नाही आलीस?” ओव्हीड कळवळून म्हणाला. “आता मी सही कशी करू? माझे हात बांधले गेले. खरंच सांगतो, मी करणार होतो.”

त्याचा आवाज रडवेला होता. पण मार्लिसने बावीस वर्षं आरशातून मागच्या बाकांवरची पोरं पाहिली होती. गृहपाठाची वही हरवली म्हणून रडणारं पोर कोणतं आणि हरवली म्हणून सुटलेलं पोर कोणतं, हे तिला कळायचं. ओव्हीडचे खांदे सैल पडले होते. गडी सुटला होता. त्याला सबब मिळाली होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने आणून दिली होती.

ती बाहेर पडली. आधी लाज वाटली. आपण किती मूर्ख, फोनच्या खुराड्यात बसून बसून आपल्यालाही दार उघडायची तेवढीच एक किल्ली ठाऊक उरली. कोपऱ्यापर्यंत पोचेतो लाजेचा संताप झाला. रस्ता ओलांडेपर्यंत तिला काय करायचं ते सुचलं होतं आणि ती जवळजवळ धावत होती.

सभागृहाची एक जुनी रीत आहे. कामकाज सुरू होताना कुणाही सदस्याला एक मिनिट मिळतं, कशावरही बोलायला. कुणी गावच्या फुटबॉल संघाचं कौतुक करतो, कुणी शंभरी गाठलेल्या आजीचं. ऐकत कुणीच नसतं. पण त्या दिवशी लगेच मतदान होतं, सुट्टीची विमानं गाठायची होती, म्हणून सभागृह भरलेलं होतं. मार्लिस रांगेत उभी राहिली. वेंडेलचा फोन येत होता, तिने तो बंद केला. तिच्या पुढचा सदस्य एका भोपळ्याच्या विक्रमाबद्दल बोलत होता आणि ते मिनिट काही केल्या संपत नव्हतं.

अखेर तिचं नाव पुकारलं गेलं.

“सभापती महोदय,” ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. तिने पुन्हा सुरुवात केली. “सभापती महोदय, आज सकाळी मी एका सन्माननीय सदस्यांच्या न्याहारीला हजार डॉलर दिले. ते माझ्या पक्षाचे नाहीत. मी काही खाल्लं नाही. मला त्यांच्याशी अँब्युलन्सच्या अर्जावर बोलायचं होतं आणि महिनाभर दुसरं कुठलंच दार उघडलं नव्हतं. ते सही करायला तयार झाले. मग कळलं की मी पैसे दिलेत, म्हणून आता त्यांना सही करता येत नाही.”

सभागृहात कुणीतरी मोठ्याने हसलं. भोपळेवालासुद्धा मागे वळून पाहायला लागला.

“चूक माझी आहे, त्यांची नाही. नीतिमत्ता समितीला मी आजच लिहून देते, चौकशी करायची तर माझी करा. माझ्या विरोधकाला जाहिरात करायची तर खुशाल करू दे, पैसे मी कुणाला दिले ते मीच सांगितलंय. पण त्यांच्या सहीची किंमत हजार डॉलर नव्हती, हे या सदनाच्या नोंदीत जावं. ते माझं ऐकून तयार झाले होते. आणि मी आता हे सगळं उघड सांगितल्यावर त्यांच्याकडे लपवण्यासारखं काहीही उरलेलं नाही. त्यांच्याकडे आता फक्त पेन आहे, महोदय, आणि...”

हातोडा पडला. मिनिट संपलं होतं.

मार्लिस खाली उतरली. शंभर डोकी एका दिशेने वळत होती, आणि ती दिशा तिने पाहिली. ओव्हीड मेलान्सन मधल्या रांगेत बसला होता, मान खाली घालून. त्याच्या पक्षाचा एक पुढारी त्याच्या कानाला लागला होता, हात त्याच्या खांद्यावर. ओव्हीडने तो हात उचलला आणि बाजूला ठेवला. जेवताना मांडीवरचा रुमाल काढून ठेवतात, तसा. मग काठी टेकत उठला.

मधल्या वाटेने समोरच्या टेबलापर्यंतचं अंतर ते केवढं. पण त्या गुडघ्याने ते संपेना. टेबलापाशी पोचून ओव्हीडने कारकुनाला काहीतरी विचारलं. कारकुनाने खण उघडला, अर्ज काढला. ओव्हीडने खिसे चाचपले. कारकुनाने आपलं पेन पुढे केलं.

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. “चेक परत पाठवलाय,” मार्लिसच्या जवळून जाताना तो पुटपुटला. “आणि पुन्हा माझ्याशी कधी बोलू नकोस. निदान नाताळपर्यंत.”

मार्लिस रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. पुढच्या अर्ध्या तासात तिच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की पाठ हुळहुळली. तिच्या पक्षाचे जे लोक महिनाभर तिला बघून जिना बदलत होते, ते आता रांग लावून सांगत होते, “मी करणारच होतो गं सही, आजच करणार होतो.” एकाने तर फोटो काढून घेतला. यशाला बाप फार असतात, आणि ते सगळे बाळंतपण झाल्यावर येतात.

बाहेर दगडी पायऱ्यांवर वेंडेल बसला होता. टाय सैल, टक्कल घामाने चमकत होतं.

“जाहिराती गेल्या,” तो म्हणाला. “सगळ्या. तुम्ही खाली उतरायच्या आत फोन आला. दुसऱ्या पक्षाला पैसे देणाऱ्या बाईला आम्ही पैसे देत नाही, म्हणाले.”

“ऑक्टोबरच्या?”

“नोव्हेंबरच्या मतदानापर्यंतच्या चार दिवसांच्यासुद्धा.” त्याने टाय ओढून काढला. “माझं एवढं आयुष्य या धंद्यात गेलं. माझ्या माणसाने मला विचारल्याशिवाय एवढ्या मोठ्या खड्ड्यात पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. आपण हरणार, मॅडम.”

“बहुतेक.”

“बहुतेक,” वेंडेल म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. ते त्याला इतकं नवीन होतं की खोकला आला.

मार्लिसने फोन चालू केला आणि सेंट हेडविगला लावला. तिथल्या पथकाची प्रमुख डेल्फीन झ्ब्लेव्स्की, मार्लिसची अँब्युलन्सवरची जुनी जोडीदारीण. मागे कुठेतरी गाडीचं इंजिन गुरगुरत होतं.

“डेल्फीन, झालं. दोनशे अठरा झाल्या.”

“म्हणजे कायदा झाला?”

“नाही गं. म्हणजे आता मतदान होईल. सुट्टीनंतर.”

“मग होईल कायदा?”

“मग सिनेटमध्ये जाईल. तिथे झालं तर राष्ट्राध्यक्षांकडे.”

“अगं बये, मग इतकी किंचाळतेस कशाला? मिळालं काय तुला?”

मार्लिसने विचार केला. “एक तारीख मिळाली,” ती म्हणाली.

इंजिन बंद झालं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “डिसेंबरला कुलूप लावायचं म्हणत होते मी. आता सिनेटचं काय ते कळेपर्यंत गाडी चालू ठेवते. कशी ते विचारू नकोस.” मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. “आणि तो टीव्हीवाला पाटीवाला सांगतोय की तू हरणार. खरं आहे का?”

“वेंडेलसुद्धा तेच म्हणतोय.”

“तसं असेल तर आधी सांग मला. मंगळवारच्या पाळीला मला एक माणूस कमी पडतोय.”

मार्लिस पायरीवर वेंडेलच्या शेजारी बसली. गेली चार वर्षं ती रोज सकाळी एकाच प्रश्नाने जागी होत होती, निवडणूक हरलो तर काय. त्याला उत्तर आहे, आणि ते इतकं सोपं आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“मंगळवार चालेल मला,” ती म्हणाली.